आल्हाटबाईंच्या चुका

थेरगावच्या आमच्या शाळेत मी रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वर्गात दंगल झाली. मी नववीला मराठी शिकवत होतो. कवितेचं पहिलं कडवं कसंबसं संपत आलं होतं, तोच भिंतीपलीकडून अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, चुकलंऽऽ!" पाठोपाठ बाकं बडवल्याचा आवाज, कुणाची तरी शिट्टी. नवीन माणसाला हुरूप असतो. मी हातातला खडू न ठेवताच धावलो. दारातून पाहतो तर एक मुलगी फळ्यापाशी उभी राहून गणित सोडवत होती, आणि तिच्या जागेवर, दोन मुलींच्या मध्ये अंग चोरून, पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"या सर, या," मला पाहून त्या म्हणाल्या. "आज मी लवकरच घावले."

या मंदाकिनी आल्हाट. गणिताच्या बाई. त्यांच्या वर्गाचा नियम एकच होता. रोजच्या तासाला बाई फळ्यावर एक चूक करणार, मुद्दाम. ती कुठे असेल, केव्हा येईल, ते सांगणार नाहीत. कधी पहिल्याच ओळीत, कधी उत्तराच्या तोंडाशी, तर कधी नुसती तोंडी, बोलता बोलता. ज्याला सापडेल त्याने ओरडायचं. पण नुसतं ओरडून भागत नसे. कुठे चुकलं, का चुकलं हे सांगावं लागे. बरोबर सांगितलं की बाई खडू त्याच्या हातात देणार आणि स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसणार. मग त्या मुलाला 'साहेब' म्हणायचं, मुलीला 'मॅडम'. "साहेब, जरा मोठं अक्षर काढा, मागच्या बाकाला दिसत न्हाई," असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असे की तो पोरगा खरोखरच साहेबासारखा ताठ उभा राहायचा.

आमच्या शाळेत येणारी बहुतेक मुलं लातूर, परभणी, जालन्याकडून आलेल्या घरांतली. बाप भोसरीला नाही तर चाकणला कंपनीत, आई कुठे पॅकिंगला, कुठे कँटीनला. ही मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत. आपली बोली वेगळी, आपण नवे, चुकलो तर हसतील, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. आल्हाटबाईंनी ही गाठ उलट्या बाजूने सोडवली होती. चुकायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि हसायचं काम मुलांना दिलं होतं. मी त्यांच्या भिंतीशेजारी दहा वर्षं काढली, त्यात माझ्या किती कविता त्या आरोळीखाली गाडल्या गेल्या याची गणतीच नाही. सुरुवातीला मी मुख्याध्यापकांकडे तक्रार करायचो. नंतर नंतर मलाच त्या आवाजाची सवय लागली. एखाद्या दिवशी उशीर झाला की मी उगाच भिंतीकडे कान लावून बसायचो.

बाई निघोज्याच्या. तिथलं जुनं घर, दारात म्हशी, आणि भोवती बघता बघता कंपन्या उठलेल्या. तळवड्याच्या बाजूने, ट्रेलरांच्या रांगांमधून वाट काढत त्या स्कुटीवर यायच्या. डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट. शाळेत आल्यावर हेल्मेट निघे पण पदर तसाच चप्प बसलेला राही. खडू कानावर खोचायची त्यांना खोड होती, सुतार पेन्सिल खोचतो तशी. पुस्तक म्हणून कधी हातात धरलं नाही. शिकवताना त्या बेताची प्रमाण भाषा बोलत, पण रंगात आल्या की निघोजं बाहेर येई. एकदा मी गमतीने म्हणालो, "बाई, 'हाय' नाही, 'आहे' म्हणा, मुलं तसंच लिहितात." त्या म्हणाल्या, "सर, 'हाय' म्हना न्हाईतर 'आहे' म्हना. उत्तर हाय का न्हाई, ते आधी बगा." मी मुकाट्याने चहा प्यायलो.

ही चुकांची पद्धत तुम्हाला कुणी शिकवली, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, एखाद्या प्रशिक्षणातलं असेल. बाई म्हणाल्या, "आमच्या मालकांनी." त्यांचे यजमान चाकणला एका कंपनीत तयार मालाच्या तपासणीवर होते. "पट्ट्यावरनं पीस येत राहत्यात, सगळे चांगले. तासभर चांगलंच बघत बसलं की मानसाचं डोळं उघडं राहत्यात, पन बघत न्हाईत. मंग सुपरवायझर काय करतो, मुद्दाम एक खराब पीस सोडतो. घावला तर मानूस जागा हाय. न्हाई घावला तर त्याला चहा पाजायचा आन् परत सोडायचा." मग हसून म्हणाल्या, "बरोबर गणित तर पोरं झोपंतबी उतरून घेत्यात. चूक धरायला जागं ऱ्हावं लागतं."

आणि मग शाळाच मोबाइलमध्ये गेली.

त्या दिवसांत आम्हा सगळ्यांचीच फजिती झाली, पण आल्हाटबाईंची झाली ती वेगळी. पडद्यावर मुलांऐवजी काळे चौकोन. फोन बापाचा, म्हणून नावंही बापाची. कुणी 'पप्पा कंपनी', कुणी 'सोनू डंपर', कुणी 'ओम साई टायर्स'. बाई हजेरीला त्याच नावांनी हाका मारत: "ओम साई टायर्स, तुमी हाय का?" उत्तर आलं तर आलं. पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे चूक सोडली. सात आठे चोपन्न, म्हणाल्या. थांबल्या. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी जरा मोठी सोडली. तरी शांत. आठवड्याच्या शेवटी त्यांचा मला फोन आला. आवाजात हसू होतं, पण ते ओढूनताणून आणलेलं कळत होतं.

"सर, आज मी त्रिकोनाला चौथा कोन दिला."

"मग?"

"वर्गानं घेतला की हो!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "भिताडाशी बोलल्यागत वाटतं, सर," म्हणाल्या. "भिताड तरी बरं. त्याच्या पलीकडं तुमी असायचा."

याच सुमारास आमचं एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं. विषय: दूरस्थ शिक्षणात विद्यार्थ्यांचा सहभाग कसा वाढवावा. जिल्ह्याभरातले शिक्षक त्यात होते, आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद. माझ्या बाजूला मी मटार सोलत होतो हे आता सांगायला हरकत नाही. तज्ज्ञ साहेब पडद्यावर एकेक पान दाखवत होते. एका पानावर लिहिलं होतं की साठ मिनिटांच्या तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे पाच भाग करावेत. साहेबांनी ते वाचलं आणि पुढे गेले. तेवढ्यात एक माइक उघडला आणि मागे म्हशीचं हंबरणं ऐकू आलं.

"साहेब, चुकलं."

"कोण बोलतंय?"

"आल्हाट, थेरगाव. तुमचा तास पंच्याहत्तर मिनिटांचा झाला."

साहेब म्हणाले, "मॅडम, प्रश्न आपण शेवटी घेऊ." शेवटी कुणी प्रश्न घेतले नाहीत. पण मला खात्री आहे, त्या दिवशी सबंध जिल्ह्यात जागा असलेला तो एकच माणूस होता.

मुलं बोलत का नाहीत, याचा बाईंनी मग शोध घेतला. मास्क लावून, स्कुटी काढून, त्या एकेका चाळीत जाऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या. तेव्हा कळलं की मुलांना चूक दिसत होती. पण माइक उघडला की घर ऐकू जातं. एकाच खोलीत टीव्ही, रडणारं बाळ, आईबापाची कुरबूर, शेजारच्यांची भांडणं. आठवीतल्या वैष्णवीने त्यांना सांगितलं, "बाई, मला सापडली होती. पण पप्पा रातपाळीवरून येऊन झोपले होते आणि ते लई घोरतात. सगळ्यांना ऐकू गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तास सुरू करताना फर्मान काढलं. आधी सगळ्यांनी एकदम माइक उघडायचे. गप्प बसायचं आणि आपापलं घर ऐकवायचं. "पहिला नंबर माझा," म्हणत त्यांनी स्वतःचा फोन गोठ्यात नेला. मग काय ते घोरणं, कुकरच्या शिट्ट्या, लोखंडी जिन्यावरून धावणारी पोरं, भाजीवाल्याची आरोळी! असं सगळं एकत्र झालं की त्यातलं कुठलं घर कुणाचं हे कळेना. पोरं हसायला लागली. रोज तासाच्या आधी हे चालायचं. लाज सगळ्यांची एका टोपलीत ओतली की कुणा एकाची राहत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. एवढं मोठं प्रशिक्षण झालं, त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी अडचण फोनची. घरात तो एकच, आणि तो बापाबरोबर कंपनीत जायचा. बाईंनी वर्गाच्या तुकड्या बापाच्या पाळीवरून पाडल्या. ज्यांचे वडील पहिल्या पाळीला त्यांचा तास संध्याकाळी, दुसऱ्या पाळीवाल्यांचा सकाळी, रातपाळीवाल्यांचा दुपारी. पाळी बदलली की तुकडी बदलायची. पालक फोन करून सांगत, "बाई, पुढच्या आठवड्यात मी सेकंडला, पोरगी मॉर्निंगला घ्या." एकच गणित बाई दिवसातून तीनदा शिकवत आणि तीन वेगळ्या चुका करत. का, तर सकाळच्या पोरांनी संध्याकाळच्यांना फोडू नये म्हणून.

आणि एक दिवस चौकोनातून आवाज आला. 'पप्पा कंपनी' या नावाचा चौकोन उजळला, घोरणं ऐकू आलं आणि त्यावरून वैष्णवीचा बारीक आवाज, "बाई, चुकलं. तिथं भागायचं होतं." बाईंनी तो तास तिथेच थांबवला. मला लगेच फोन केला. नुसतं "सर, घावली!" एवढंच म्हणाल्या. त्या रडत होत्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. पुढे जे झालं तेव्हाही त्या रडल्या नाहीत.

आल्हाटबाईंच्या तासाला पोरं झाडून हजर असतात, ही बातमी संस्थेपर्यंत गेली. चांगलं काम केलं की त्याचं बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं, ही आपल्याकडची रीतच आहे. संस्थेचं ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेज होतं, तिथे एका खोलीत स्टुडिओ केला होता. आल्हाटबाईंचे तास तिथे रेकॉर्ड करायचे, म्हणजे कुठलंही मूल केव्हाही बघेल, असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. तिथे प्रथमेश नावाचा एक तरुण होता, अत्यंत सालस. बाईंना खुर्ची देणारा, पाणी विचारणारा. बाईंनी पहिला प्रश्न त्याला विचारला, "समोर कोन बसनार?"

"कोणी नाही मॅडम. कॅमेरा."

"त्याला चूक घावंल का?"

प्रथमेश हसला. त्याला तो विनोद वाटला.

बाईंनी तरी आपल्या परीने सोय केली. चूक करायची, मग कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभं राहायचं, घरातल्या पोराला सापडेपर्यंत. मग म्हणायचं, "घावली? शाब्बास." आणि मग दुरुस्त करायचं. त्या दिवशीचा विषय होता अ अधिक ब कंसाचा वर्ग. बाईंनी फळ्यावर लिहिलं, अ वर्ग अधिक ब वर्ग. मधले दोन अब गाळले. इतकी ढळढळीत चूक की आठवीतल्या पोराने झोपेतून उठून ओरडावं. वर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं. सोप्पं हाय." आणि थांबल्या, हाताची घडी घालून.

पाच मिनिटांवर मुलं काही बघत नाहीत, असं संस्थेत कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून प्रथमेशने सबंध तासाचे लहान लहान तुकडे केले. गप्प उभं राहण्याचा भाग तर काहीच कामाचा नाही म्हणून काढून टाकला. मग ती चूक एका तुकड्याच्या शेवटी आली आणि दुरुस्ती दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला गेली. पहिला तुकडा "सोप्पं हाय" वर संपत होता. यात प्रथमेशचा काही दुष्टपणा नव्हता. त्याने आपलं काम नीट केलं होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर रागावताही येत नाही.

तो तुकडा ग्रुपांवरून फिरला. आधी पालकांच्या, मग सोसायट्यांच्या, मग कुठल्या कुठे. 'मराठी शाळेतल्या गणिताच्या बाई बघा' असं वर लिहिलेलं. खाली हसणारे चेहरे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो आला, मला ओळखणाऱ्या माणसाने पाठवलेला. लोक एकमेकांना काहीही चुकलं की "सोप्पं हाय" म्हणू लागले. सगळ्यात वाईट वाटलं ते मुलांचं. वैष्णवी आणि तिच्या वर्गातल्या पोरांनी संस्थेच्या चॅनेलवर त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'बाईंनी मुद्दाम केलंय, पुढचा भाग बघा.' त्यावर कुणीतरी लिहिलं, 'बाईंनी पोरांनाही छान पढवलंय.' मग संस्थेने तिथे काही लिहायची सोयच बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलं एवढ्या मोठ्या जगासमोर न घाबरता बोलली होती, आणि जगाने त्यांना गप्प केलं. याची चीड मला अजून आहे.

बाई मात्र म्हणाल्या, "सर, खराब पीस मुद्दाम सोडला तर तो परत उचलायचा असतो. यांनी तो पॅक करून गिऱ्हाइकाला पाठवला."

संस्थेच्या सचिवांनी त्यांना ताथवड्याला, कॉलेजातल्या कचेरीत बोलावून घेतलं. सोबत म्हणून बाईंनी मला नेलं. सचिव सौम्य माणूस. म्हणाले, "बाई, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मुद्दाम चूक केली हे बाहेर कोणी मानणार नाही. उलट हसतील. अनवधानाने चूक झाली, दिलगीर आहे, एवढं लिहून द्या. विषय संपला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, अनवधानानं म्हंजे?"

"लक्ष नसताना," मी म्हणालो.

"म्हंजे मी वर्गात झोपले होते, असं लिहून देऊ?"

सचिवांनी टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. बाईच पुढे बोलल्या, शांतपणे, जमेल तेवढ्या प्रमाण भाषेत. "साहेब, तीस वर्षांत माझी एक चूक अनवधानाने झालेली नाही. आदल्या रात्री बसून मी चूक ठरवते. कुठली केली तर पोराला धरता येईल, कुठली फार सोपी, कुठली फार अवघड. बरोबर गणिताला मला तयारी लागत नाही. चुकीला लागते."

"मला समजतंय," सचिव म्हणाले. "पण लिहून दिलं नाहीत तर दहावीचा वर्ग तुमच्याकडे ठेवणं मला कठीण जाईल. पालकांचं दडपण आहे."

दहावीचा वर्ग. म्हणजे वैष्णवी आणि ती सगळी पोरं दोन वर्षांनी जिथे पोचणार होती तो वर्ग. पोरांना आठवीत हाताशी धरायचं आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत सोडायचं नाही, हा बाईंचा शिरस्ता होता. खिडकीबाहेर कॉलेजची रिकामी इमारत होती, एकही मूल नाही. बाईंनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी कागद जवळ ओढला आणि सही केली. 'अनवधानाने' या शब्दावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं, एवढं मी पाहिलं. बाहेर आल्यावर स्कुटी काढताना म्हणाल्या, "वर्ग तर ऱ्हायला." मी त्यांचं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. 

मुलं परत शाळेत आली तेव्हा शाळा बदललेली होती. प्रत्येक वर्गात मोठा डिजिटल फळा, आणि कोपऱ्यात वर कॅमेरा. तास आपोआप रेकॉर्ड व्हायचे, गैरहजर मुलांना घरी बघता यावेत म्हणून. हेतू चांगलाच होता. आमच्याकडे नेहमी हेतू चांगलाच असतो. मला वाटलं, बाई आता वर्गात तरी पुन्हा सुरू करतील. पहिल्या दिवशी मी कविता शिकवता शिकवता वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येत होता, संथ, सरळ, प्रमाण भाषेतला. 'हाय' नाही, 'आहे'. मधल्या सुट्टीत मी डोकावलो तर टेबलावर पुस्तक उघडं होतं आणि फळ्यावरचं गणित त्याच्याशी ओळीनं ओळ जुळत होतं.

वैष्णवी आणि तिच्या बरोबरची मुलं थोडे दिवस वाट पाहत होती. तास सुरू झाला की डोळे फळ्यावर लावून, अर्धवट उठलेली. एकदा तर तिने उगाचच हात वर केला आणि विचारलं, "बाई, आज कुठंय?" बाई म्हणाल्या, "कुठेच नाही. लिहून घ्या." हे मला वैष्णवीनेच सांगितलं, कंपासपेटीचं झाकण उघडत-मिटत. ती मुलं दहावी होऊन गेली, चांगली पास झाली. तिने डिप्लोमाला प्रवेश घेतला. नंतर आलेल्या मुलांना तर माहीतच नव्हतं की या वर्गात कधी काही शोधायचं असतं. मुख्याध्यापक एका बैठकीत म्हणाले, आल्हाटबाईंच्या तासाला हल्ली किती शांतता असते, इतरांनी बघावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली.

मला तेव्हा फार वाटे की कुणीतरी त्यांना सांगावं, बाई, एकदा सोडा हो, एक लहानशी सोडा. एकदा चहा पिताना मी तसं म्हणूनही पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सर, वर्गात पोरगं धरतं तेव्हा ती चूक मिटते. त्या कॅमेऱ्याच्या डब्यात गेली की मिटत न्हाई. मी मेले तरी तिथं उभी राहून 'सोप्पं हाय' म्हणत राहीन." मग चष्मा पुसला आणि तासाला गेल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्याच्या आधी थोडेच दिवस त्यांच्या निरोपसमारंभाची वेळ विचारायला मी त्यांच्या वर्गापाशी गेलो होतो. तास चालू होता म्हणून दारातच थांबलो. बाई फळ्यावर समीकरण सोडवत होत्या. मराठीच्या माणसाला गणितातलं काय कळतं म्हणा, पण दहा वर्षं त्या भिंतीशेजारी काढल्यावर एक सवय लागते, ओळ वाचताना डोळा आपोआप शोधायला लागतो. आणि मला दिसलं. वजा सात बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना त्यांनी अधिक न करता तसंच ठेवलं होतं, वजा सात.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, सोडली. बाईंनी शेवटी एक सोडली. जाता जाता का होईना. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो आणि त्या आरोळीची वाट बघू लागलो. बाईंनी पुढची ओळ लिहिली. त्याच्या पुढची लिहिली. उत्तर आलं, त्याखाली दोन रेघा मारल्या. मग पुस्तकात पाहिलं, परत फळ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. फळा पुसण्याआधी त्यांनी वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग बोटांनी भराभरा ते सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं, बरोबर.

वळताना त्यांना मी दिसलो. त्या दारापाशी आल्या. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं.

"सर," त्या म्हणाल्या, "कुनी बगितलं न्हाई ना?"

मी त्यांच्या खांद्यावरून वर्गात पाहिलं. सगळ्या माना खाली होत्या. कुणाच्या वहीत ते चुकलेलं गणित तसंच उतरलेलं होतं, कुणी त्याखाली नीट पट्टी धरून दोन रेघा मारत होतं.

"नाही बाई," मी म्हणालो. "एकानेही नाही."